आगाऊ आभारांची बाग

काम होण्याआधी आभार मानू नयेत, हे शेषेराव बिराजदारांना कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. दीपमालाबाईंनी सांगितलं होतं. पण बायकोनं सांगितलेली गोष्ट बाहेरच्या कुणी दुजोरा दिल्याशिवाय खरी वाटत नाही, हा नवरेलोकांचा जुनाट आजार आहे, आणि शेषेरावांची केस पहिल्यापासूनच हाताबाहेर गेलेली होती.

शेषेराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लातूरच्या जुन्या दालमिल कॉलनीत त्यांचं घर होतं. ही कॉलनी म्हणजे खाली दुकान, दुकानावर घर, घरावर क्लासच्या पोरांचं हॉस्टेल, हॉस्टेलवर पाण्याची टाकी आणि टाकीवर गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे हसरे फोटो, अशी एकावर एक रचना होती. गल्लीत क्लासच्या गाड्या अशा लावलेल्या असत, की पायी निघालेल्या माणसाला अंग तिरकं करून, पोट आत ओढून सरकावं लागे. शेषेरावांचं पोट आत ओढण्याच्या पलीकडं गेलेलं असल्यामुळं ते मागच्या गल्लीनं वळसा घालून जात.

आता मूळ दुखणं सांगतो. दीपमालाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. कुठं चालायचं ते सांगितलं नव्हतं. ते डॉक्टर लोक सांगत नसतात. बाई बिचाऱ्या जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या. एकाच बाजूनं फिरून डोकं गरगरायला लागलं की उलट्या दिशेनं सुरू करायच्या. शेषेराव टेबलाशी जेवायला बसलेले असले तर त्यांनाही गरगरायचं. पुण्याला असलेल्या लेकीनं, तनुजानं, हे फोनवर ऐकलं आणि निकाल देऊन टाकला.

"बाबा, दिवाळीपर्यंत तिथं आईला चालायला जागा झाली तर ठीक. नाहीतर घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडं यायचं. आमच्या सोसायटीत ट्रॅक आहे, बाग आहे, सगळं आहे."

शेषेराव त्या सोसायटीत एकदा राहून आले होते. गेटवरच्या वॉचमननं त्यांना रोज सकाळी नव्यानं "कुणाकडं जायचंय?" असं विचारलं होतं. गंजगोलाईच्या बाजारात पाऊल ठेवलं की चारी बाजूंनी "या साहेब, लई दिसानं" ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे फार लागतं. उरलेलं आयुष्य आपण कुणाकडं आलोय हे सांगण्यात घालवायचं? लातूर सोडायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

नेमका त्याच सुमारास कॉलनीचा पुनर्विकास आराखडा मंजूर झाला. बंद पडलेल्या दालमिलच्या जागी खाली दुकानं आणि वर फ्लॅट, शाळेला नवी इमारत, आणि शाळा अन् मिल यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर उद्यान. नकाशा लोकांना बघायला म्हणून शाळेच्या हॉलमध्ये लावला, तेव्हा सगळ्यांनी त्यात फक्त आपापलं घर शोधलं. किराणावाल्या रामलिंगअप्पांना आपल्या दुकानासमोर एक हिरवा ठिपका दिसला. त्यांनी तिथल्या तिथं हरकत घेतली, "हे झाड माझ्या शटरम्होरं कामून आलं?" एकट्या शेषेरावांनी त्या मोठ्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून "बाग, बाग" असं म्हटलं, आणि कॉलनीनं त्यांना उद्यान समितीचं अध्यक्ष करून टाकलं. आपल्याकडं नकाशावर जो बोट ठेवतो त्याला अध्यक्ष करायची पद्धत आहे. पुढचं सगळं मग त्यानं बघायचं असतं.

त्यांनी बघितलं. पावसाळा सरत आला तरी हिरवा चौकोन काही नकाशातून जमिनीवर उतरेना. शेषेराव महापालिकेच्या कार्यालयात गेले की उद्यान विभागाचे साहेब म्हणत, "मंजूर आहे, होऊन जाईल." मोकळ्या जागेवर शाळेची कवायत आणि कस्तुराबाईंची म्हैस आळीपाळीनं चालू होती, आणि दिवाळी जवळ येत होती. शेवटी रामलिंगअप्पांनी सल्ला दिला. अप्पांच्या दुकानात साखर, डाळ आणि सल्ला हे तिन्ही जिन्नस सुटे मिळतात. त्यातला सल्ला तेवढा कधी मापात कमी भरत नाही.

"सायेब, तुम्ही अर्ज करून राहिले, तितंच चुकून राहिले," अप्पा म्हणाले. "काम झाल्यावर आभार कुणीबी मानतंय. तुम्ही आदीच मानून टाका. चौकात फ्लेक्स लावा. सायबाला लाज वाटंल अन् काम सुरू करंल."

घरी दीपमालाबाई टेबलाला फेरी घालता घालता म्हणाल्या, "अगुदर लेकरू होऊ द्या, मग पेढे वाटा."

पण तोवर बजरंगनं डिझाइन करायला घेतलं होतं. बजरंगचं फ्लेक्सचं दुकान शेषेरावांच्या घराखालीच होतं, आणि त्याला फ्लेक्सवर रिकामी जागा बघवत नसे. "काका, निस्ता मजकूर लई भकास दिसालाय," असं म्हणून त्यानं इंटरनेटवरची एक बाग उचलून आणली. तीत हिरवळ होती, कारंजं होतं, परदेशी फुलांचे वाफे होते, तळं होतं आणि तळ्यात दोन पांढरी बदकं होती. अध्यक्षांचा फोटो हवा म्हणून शेषेरावांनी आपला पासपोर्टचा फोटो दिला. त्याला खांद्याखाली काहीच नसल्यामुळं बजरंगनं कुणा परक्या माणसाचं कोट घातलेलं शरीर जोडलं. ते शरीर इतकं रुबाबदार होतं की शेषेरावांनी हरकत घेतली नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जुन्या दालमिल कॉलनीला भव्य उद्यान दिल्याबद्दल साहेबांचे मनःपूर्वक आभार!' फ्लेक्स चौकात चढला. शेषेरावांनी त्याचा फोटो साहेबांच्या मोबाइलवर पाठवला, आणि साहेबांनी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. अप्पा म्हणाले, "बगा, लाज वाटायला सुरुवात झाली."

पुढच्या खेपेला शेषेराव कार्यालयात गेले तेव्हा साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. सरकारी कार्यालयात न मागता खुर्ची मिळाली की ओळखावं, काहीतरी फार वाईट झालेलं आहे.

"अभिनंदन बिराजदार साहेब! तुमच्या उद्यानाची फाइल पूर्ण झाली."

"म्हणजे काम सुरू होणार?"

"सुरू कशाला होईल? पूर्ण झालं. तुम्ही नागरिकांनीच पोच दिली की." साहेबांनी फाइल उघडून दाखवली. तीत चौकातला फ्लेक्स रंगीत छापून लावलेला होता, बदकांसकट.

"अहो, पण तिथं बाग नाही!"

"बाग नाही तर आभार कशाचे मानले?"

प्रश्नात खोट काढावी अशी जागाच नव्हती.

साहेब तसा भला माणूस होता. त्यानं आवाज हळू केला. "हे बघा, बाग नाही असं तुम्ही आता लिहून दिलं, तर खोटा फ्लेक्स का लावला याचा खुलासा अध्यक्षांनाच द्यावा लागेल. आणि बाग नसताना लोक खूश आहेत, म्हणजे त्यांना बागेची गरज नाही, असा अर्थ निघेल. त्या जागेवर पार्किंग करा म्हणून क्लासवाले मागं लागलेलेच आहेत. आणि दुसरं असं, की तुमचा फ्लेक्स मला इतका आवडला की मी तो सुंदर प्रभाग स्पर्धेला पाठवला. गुरुवारी नांदेडहून आमच्या वरिष्ठ अधिकारी रूपाली मॅडम तपासणीला येतायत. बदकांची तेवढी काळजी घ्या."

शेषेराव घरी आले आणि त्यांनी टेबलाशी बसून सगळं सांगितलं. 'मी सांगितलं नव्हतं का' असं दीपमालाबाई म्हणाल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फेऱ्यांची दिशा बदलली.

संध्याकाळी बजरंगच्या दुकानासमोर कॉलनीची बैठक भरली. कुणी म्हणालं, मॅडमना गोलाईतच अडवून जेवायला न्यावं. कुणी म्हणालं, त्या दिवशी अध्यक्षांनी दवाखान्यात भरती व्हावं. अप्पांनी मान डोलावून "दोन्ही करा" असं सांगितलं. शेवटी शाळेचे मुख्याध्यापक धम्मदीप सर उठले. कवायतीच्या मैदानावर बोलायची सवय असल्यामुळं ते चार माणसांतही पोरांच्या रांगा उभ्या असल्यासारखे बोलत.

"बाग नाही, पण कुंड्या आहेत!" सर म्हणाले. "गच्चीवर आहेत, जिन्यात आहेत, खिडकीत आहेत. सगळ्या एका जागी आणल्या तर बाग होते. तिथं पार्किंग झाली तर माझ्या लेकरांची कवायत मी कुठं घेऊ? बाकावर उभं करून?"

हे सगळ्यांना पटलं. पटलं की लगेच शंका निघतात. कुंडी परत मिळंल का? आमची मोठी दुसऱ्यानं उचलली तर? कॉलनीत लग्नकार्यात दिलेली पातेली ओळखून परत आणता यावीत म्हणून भांड्यांवर नावं घालायची रीत होतीच. तीच कुंड्यांना लावली. गुरुवारी सकाळी मोकळ्या जागेवर कुंड्या आल्या त्या ऑइलपेंटनं नावं रंगवूनच. एकीवर 'कस्तुराबाई, कुणी हात लावू नये' असं होतं. एकीवर 'रामलिंगअप्पा किराणा, माल घरपोच मिळेल' असं होतं. हॉस्टेलच्या पोरांनी बाटलीतला मनीप्लांट आणून त्यावर 'रूम नंबर चार, जिवंत आहे' अशी चिठ्ठी डकवली होती.

कुंड्या झाल्या, पण हिरवळीचं काय? अप्पांच्या ओळखीच्या मंडपवाल्याकडून लग्नातलं हिरवं कार्पेट आणून अंथरलं. चालायच्या ट्रॅकसाठी सरांनी क्रीडास्पर्धेसारखी चुन्याच्या फक्कीची रेघ मारून दिली. कारंज्यासाठी बजरंगनं आपल्या कूलरची मोटर काढून टबात बसवली. कारंजं उडालं, पण ते एका बाजूलाच, अप्पांच्या अंगावर. झाडांना पाणी घालायला टँकर बोलावला तर त्याचा नळ बंद होईना, आणि खालच्या अंगाच्या खड्ड्यात बघता बघता तळं साचलं. "तळ्याचं काम आपसूक झालं!" बजरंग ओरडला. राहिली बदकं. कस्तुराबाईंच्या कोंबड्या आणून पाहिल्या, पण त्यांनी पाणी बघून जो गोंधळ घातला तो बघता तो विषय सोडून द्यावा लागला.

कस्तुराबाई आधीच तापलेल्या होत्या. "अन् माजी म्हस कुटं बांदू? तुमच्या फ्लेक्सवर म्हस न्हाई म्हनून तिनं जीव द्यावा का?"

म्हैस शाळेच्या मागं बांधली. तिनं तिथून शेवंती, तुळस आणि गोकर्ण ओळीनं मांडलेले पाहिले, आणि हे सगळं आपल्याचसाठी मांडलंय अशी तिची प्रामाणिक समजूत झाली. दावं तोडून ती आली. अप्पांची शेवंती तिनं माल घरपोच मिळाल्यासारखी खाल्ली, कार्पेटचा एक कोपरा चावून पाहिला, तो न आवडल्यामुळं पुढं गेली आणि तळ्यात फतकल मारून बसली. चौघं शेपटीशी आणि चौघं शिंगांशी लागले तरी ती हलेना. इतक्यात मॅडमची गाडी आली.

रूपाली मॅडम उतरल्या त्या हातातल्या मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो उघडूनच. एकदा फोटोकडं बघायच्या, एकदा समोर बघायच्या. "तळं आहे," त्या म्हणाल्या. "बदकं?"

"मॅडम, हवामानानुसार बदल केलाय," बजरंगनं म्हशीकडं हात केला.

मॅडम कार्पेटवर चालू लागल्या. टँकरच्या पाण्यानं ते असं भिजलं होतं की प्रत्येक पावलाला पचक-पचक आवाज निघत होता. "ही हिरवळ?"

"नवीन जात हाय," अप्पा म्हणाले.

मॅडमनी वाकून कोपरा उचलला. आतल्या बाजूला मंडपवाल्याचं नाव आणि दोन फोन नंबर होते. त्यांनी तो कोपरा होता तसा खाली ठेवला. मग त्या एकेका कुंडीवरचं नाव वाचत चालल्या. मॅडमबरोबर आलेल्या साहेबानं आधीच खिशातून रुमाल काढून तोंड पुसायच्या निमित्तानं झाकून घेतलं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी शेषेरावांना ट्रॅकवर दीपमालाबाई दिसल्या.

खोटं बोलायच्या कामात मी येणार नाही, असं बाईंनी सकाळीच बजावलं होतं. पण खिडकीतून त्यांना ती पांढरी सरळ रेघ दिसली, पुढं मोकळी जागा दिसली, आणि त्यांना राहवेना. काठी घेऊन त्या उतरल्या होत्या. इकडं काय चाललंय याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. वाटेत टेबल नाही, वळण नाही, कुणाची गाडी नाही, अशा त्या समोर बघत चालल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की शेषेरावांना एकदम भरून आलं. आपण इतके दिवस अर्ज, नकाशा आणि अध्यक्षपद यांच्यात अडकून हे एवढंसं मागत होतो, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं.

मॅडम सरळ बाईंच्याकडं गेल्या. "काकू, रोज येता का इथं?"

शेषेरावांनी लांबून डोळ्यांनी जेवढ्या खुणा करता येतील तेवढ्या केल्या.

"रोज कुठली येती बाई," दीपमालाबाई म्हणाल्या. "काल इथं बागच नव्हती. हे समदं आज सकाळी मांडलंय. आमच्या ह्यांनी बाग व्हायच्या आधीच आभाराचा फ्लेक्स लावला, अन् आता निस्तरायलेत." काठीवर टेकून त्यांनी दम घेतला. "पण खरं सांगू का? ऑपरेशन झाल्यापासून आज पहिल्यांदा सरळ रेघेत चालले. टेबलाभवती फिरून फिरून माझा पार घाण्याचा बैल झाला होता. तुमच्या स्पर्धेचं काय ते तुम्ही बगा. ह्या कुंड्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी जातील. त्याच्या आत माझ्या फेऱ्या तेवढ्या होऊ द्या."

आणि त्या पुढं निघून गेल्या.

शेषेरावांनी डोळे मिटले. घर विकल्याचे कागद, सामानाचा टेम्पो आणि पुण्याचा रस्ता त्यांना एका ओळीत दिसला. डोळे उघडले तर मॅडम त्यांच्याच समोर उभ्या होत्या आणि ओठ घट्ट दाबून धरल्यामुळं त्यांचे गाल थरथरत होते.

"अध्यक्ष तुम्हीच ना? फोटोत उंच दिसता."

कोट घातलेल्या त्या परक्या शरीराची शेषेरावांना फार लाज वाटली. "हाव मॅडम," एवढंच ते म्हणाले.

"बक्षीस काही मी देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण घरटी एक झाड आणि त्यावर घरच्यांचं नाव, ही कल्पना मी अजून कुठं बघितली नव्हती."

"ती चोरीच्या भीतीनं..." शेषेराव खरं बोलायला गेले. दिवसच तसा होता. धम्मदीप सरांनी मागून त्यांचा शर्ट ओढला.

"सोमवारी किनवटच्या नगरपरिषदेची मंडळी मी इथं अभ्यास दौऱ्याला पाठवतेय. त्यांना हीच बाग, ह्याच कुंड्या, जागच्या जागी दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर मी तुमचा खुलासा घेईन, आणि यांचाही." 'यांचा' म्हणताना त्यांनी साहेबाकडं बोट केलं. साहेबाच्या हातातला रुमाल खाली पडला.

"आणि ते गेल्यावर, मॅडम? कुंड्या घरी न्यायच्या?"

"ते गेल्यावर इस्लापूरचे येतील," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसून हसू फुटायच्या आत काच वर केली.

मग काय विचारता! किनवटचे आले, इस्लापूरचे आले, त्यांनी तिकडं जाऊन सांगितलं म्हणून आणखी कुठले कुठले आले. कुंड्या घरी न्यायला कुणाला सवडच मिळेना. नवरात्राचे मंडप पडायला लागल्यावर मंडपवाला आपलं कार्पेट घेऊन गेला, तेव्हा साहेबाला खरं गवत पाठवणं भाग पडलं. नवीन बागेला आता मंजुरी मिळणार नव्हती, पण पूर्ण झालेल्या बागेच्या देखभालीला काहीच अडचण नव्हती. कुंडीत न मावणारी झाडं सरांच्या पोरांनी जमिनीत लावली. रामलिंगअप्पा तर आल्या-गेल्याला आपल्या शटरसमोर झाड लावा म्हणून आग्रह करू लागले, कारण दौऱ्यावरची माणसं सावलीला थांबली की काही ना काही घेतातच. इस्लापूरच्या एका गृहस्थानं म्हैस नीट न्याहाळून, 'तळ्यात एक म्हैस असावी' असं लिहून घेतलं. त्या दिवसापासून कस्तुराबाईंशी बोलायची सोय राहिली नाही.

दिवाळीच्या तोंडावर तनुजा पुण्याहून गाडी घेऊन आली. सामान बांधायला रिकामी खोकी, चिकटपट्टी, दोरी सगळं घेऊन आली होती. दारात बघते तर कुलूप, आणि पायरीवर शेषेराव भुकेनं कावून बसलेले.

"बाबा, आई कुठंय?"

"बागेत. किल्ली तिच्याच कमरेला हाय. दोनदा बोलवून आलो, आलेच म्हणती अन् पुन्हा वळती."

दोघं बागेत गेली. ट्रॅकवर बायकांची ही गर्दी! पोरं गवतावर लोळत होती, हॉस्टेलची मुलं कुंड्यांच्या आडोशाला पुस्तक उघडून झोपली होती. दीपमालाबाई सगळ्यांच्या पुढं होत्या आणि हातात काठी नव्हती. तनुजा बघतच राहिली.

"आई, अगं सामान बांधायचंय ना? मी न्यायला आलेय तुम्हाला."

बाई थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "बांध की. तुझ्या बाबांचं बांध अन् ने त्यांना. मला न्हाई जमायचं बाई. उद्या उदगीरच्या बायका यायल्यात, त्यांना ट्रॅक कोण दाखवणार?"

शेषेराव चांगलेच हबकले. ज्या माणसानं लातूर सुटू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याचीच एकट्याची रवानगी व्हायची वेळ आली होती. त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. धोतरासारखी विजार वर खोवली आणि पळत जाऊन बायकोला गाठलं.

"अगं थांब! मी कुठं जातोय? मी पण चालतो तुझ्यासंगं."

"मग चाला की," दीपमालाबाई म्हणाल्या. "अन् बोलू नका. दम लागतो."